शेवटच्या विमानाचा कडता

कंदील जरा बारीक करा. एवढा उजेड असला की माणूस ऐकत नाही, नुसता इकडेतिकडे बघत बसतो. आणि हे बघा, मध्येच कुणी 'मग पुढं काय झालं' असं विचारायचं नाही. पुढचं मी सांगणारच आहे. तुम्हा पोरांना सगळ्याचीच घाई.

तुळशीराम तोलारी माझ्या सासऱ्यांचा शेजारी. खामगावात, कापसाची सरकी काढायच्या जिनाच्या मागच्या गल्लीत राहायचा. मी जावई म्हणून तिथं जायला लागलो तेव्हा तो पार थकला होता, पण बोलणं स्वच्छ. त्यानं स्वतःच्या तोंडानं मला हे सांगितलं आहे. खोटं बोलायची त्या माणसाला सवय नव्हती. जन्मात एकदाच बोलला. ही गोष्ट त्या एका खोट्याची आहे.

तर साल एकोणीसशे एकोणपन्नास. आपला वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, कचेरीचं काम निघालं की नागपूर. माघ महिना, शिवरात्र होऊन दुसरा दिवस, म्हणजे अमावास्या. दुपारी जिनाचे मालक भगवानराव तुळशीरामला म्हणाले, "तुळशीराम, माळावरचा काटा घेऊन ये. हंगाम चालू हाय, अन् आपला मोठा काटा तिथं गंजून राह्यला."

तुळशीराम नुसता "हाव" म्हणाला. गाडी जुंपली, काट्याची दांडी गुंडाळायला रद्दी कापसाचं एक पोतं टाकलं, कंदील अडकवला आणि निघाला. काम एवढंच. जायचं, काटा घ्यायचा, यायचं. पण त्या काट्यापाशी जायला दोन महिने त्याचं मन धजावलं नव्हतं. काऊन, ते सांगतो.

मोठी लढाई संपली आणि लष्करानं आपली जुनी विमानं विकायला काढली. भगवानराव तसे हौशी. त्यांनी अकोल्याच्या दोघा भागीदारांना गाठून तीन लहान विमानं घेतली आणि कंपनी काढली. मोठी विमानं नागपूरला उतरायची. तिथून मुंबईला जा, मद्रासला जा, कुठंही जा. पण नागपूरपर्यंत पोचायचं म्हणजे खामगावहून जलंब, तिथं गाडी बदलायची आणि मग रात्रभर डुलक्या घ्यायच्या. तर या कंपनीनं काय करायचं, की खामगाव, अकोला, अमरावतीची माणसं उचलायची आणि मोठ्या विमानाच्या वेळेला नागपूरला नेऊन सोडायची. लोकांनी तिचं नाव पाडलं हवेतली दमणी. पाहुण्यांना टेशनावर पोचवायला दमणी जुंपतात ना, तशी.

पहिल्या दिवशी अख्खं खामगाव माळावर लोटलं होतं. बायांनी विमानाच्या नाकाला हळदकुंकू लावलं, नारळ फुटला. एका म्हाताऱ्यानं भीतभीत पंखाला हात लावला आणि म्हणाला, "अरे, हे तं कापड हाय." खरंच कापड होतं. लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ताणून रंगवलेलं कापड. आपल्याच कापसाचं असेल म्हणून लोक आणखी खूश झाले.

विमान चालवायला इंद्रभान. जानेफळचा, चांगल्या घरचा पोरगा, लढाईत ब्रह्मदेशावर विमान चालवून आलेला. हसरा, पण वजनाच्या बाबतीत फार कडक. माळ आखूड, माळाच्या टोकाला बाभळी. ठरलेल्या वजनापेक्षा जास्त भरलं तर विमान बाभळींच्या वर उठायचं नाही. म्हणून त्यानं जिनातला मोठा काटा मागून घेतला. तीन बल्ल्यांच्या घोडीला टांगलेली लोखंडी दांडी, एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात पाटावर बसलेला माणूस. काट्याबरोबर तोलारी आलाच. तोच तुळशीराम.

लोकांना या तुलेची भारी गंमत वाटायची. मोठमोठे वकील पारड्यात मांडी घालून बसायचे आणि वर उचलले गेले की धोतर सावरायचे. कुणी म्हणायचं, "तुळशीराम, गूळ टाक की बे दुसऱ्या पारड्यात, वाटून टाकू." तुळशीराम हसायचा नाही. काटा हातात असला की तो देवपूजेला बसल्यासारखा असायचा.

आता तोलारी म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक नसणार. तुमचं आता ट्रकसकट वजन होतं. तेव्हा शेतकऱ्याचा कापूस काट्यावर चढला, की तोलारी वजन बघायचा, त्यातून पोत्याचं, दवाचं, काडीकचऱ्याचं वजा करायचा आणि उरलेलं मोठ्यानं पुकारायचा. या वजावटीला म्हणायचं कडता. तुळशीरामनं मिसरूड फुटल्यापासून दुसरं काही केलं नव्हतं. डोळे काटा बघायचे आणि तोंडातून आकडा निघायचा तो कडता कापूनच. मध्ये विचार करायची गरजच उरली नव्हती.

पहिल्याच दिवशी त्यानं एका वकिलाच्या जाड कोटाचे चार रत्तल वजा करून वजन पुकारलं. इंद्रभान पोट धरून हसला. मग एकदम गंभीर झाला आणि जवळ येऊन म्हणाला, "काका, कापसाले कडता असते. मानसाले नसते. जे भरलं तेच पुकारा. वर आभायात कोनी आपला कोट वजा करून देत नाही."

तुळशीरामनं कानाला हात लावला. त्यानंतर दोन वर्षं त्याचा आकडा रतीभर चुकला नाही.

त्याची एकुलती एक लेक कोकिळा. बोलकी, हट्टी, बापाची लाडकी. विमान यायच्या दिवशी भाकरी द्यायचं निमित्त करून माळावर यायची आणि ते दिसेनासं होईपर्यंत मान वर करून उभी राहायची. "बाबा, मले कवा बसवता?" हे तिचं रोजचं. आणि बसवायला अडचण काय होती? लोक खूश होते ते विमान बघायला. बसायला कुणी येईना. पहिली हौस फिटली आणि विमान अर्धं रिकामं जायला लागलं. इंद्रभान स्वतः म्हणायचा, "काका, पोरीले बसवा, जागा खालीच जाऊन राह्यली." पण तुळशीराम चारचौघांत बोलून बसला होता, की माझी लेक सासरी जाईल ती विमानानं. आधी कशाला? ती मजा तेव्हाची.

लग्न ठरलं. मुलगा नागपूरला छापखान्यात कामाला, म्हणजे योग जुळूनच आला होता. पण लग्न जेठात लागलं आणि त्या साली पावसानं घाई केली. काळ्या जमिनीतली माळाकडची वाट चिखलात गेली, विमान चार महिने बंद. कोकिळा आगगाडीनं सासरी गेली. गाडी हलली तेव्हा खिडकीतून म्हणाली, "बाबा, माही जागा धरून ठेवजा."

त्यानं धरून ठेवली. पण कंपनीच हातातून सुटत चालली होती. पेट्रोल महाग झालं. एक विमान अकोल्याला उतरताना पाय मोडून बसलं. दुसऱ्याचे तुकडे काढून तिसऱ्याला जोडले. भागीदार एकेक करून दूर झाले. शेवटी एकच विमान उरलं, त्यात कधी दोन माणसं, कधी नुसती टपालाची थैली. मार्गशीर्षात भगवानरावांनी सांगून टाकलं, की येत्या सोमवारी शेवटची खेप.

आणि बघा माणसाची जात कशी. दोन वर्षं कुणी फिरकलं नाही आणि बंद होणार म्हटल्यावर सगळ्यांना जाग आली. एकदा तरी बसून घेऊ. शेवटच्या खेपेला विमान गच्च भरलं.

कोकिळा दिवाळीला माहेरी आली होती ती अजून परतली नव्हती. त्या सोमवारी पहाटे ती नवं लुगडं नेसून, डोक्यात अबोली माळून बापाच्या आधी दारात उभी. आई सोजराबाई हळूच म्हणाली, "रेल्वेनं जाय वो, माय." कोकिळा म्हणाली, "आता नाई तं कवा, आई?"

माळावर धुकं होतं. इंद्रभान विमानाच्या दारापाशी उभा राहून बेरीज करत होता, तुळशीराम पुकारत होता. वकील बसले. अन्नपूर्णाबाई म्हणून एक म्हातारी, लेकाला भेटायला निघालेली, ती बसली. तिची घोंगडी दवानं ओली झालेली. तुळशीरामच्या तोंडून आकडा आला तो घोंगडीचं पाणी कापून. ते त्याचं त्याला कळलं. कळलं, आणि तो दुरुस्त करायला थांबला नाही. कारण मागं कोकिळा उभी होती आणि तिच्यापुरतं वजन उरणार नाही, हे त्याला दिसायला लागलं होतं. मग पुढच्या माणसाच्या पिशवीचे थोडे. त्याच्या पुढच्याच्या जोड्यांचे थोडे.

शेवटी लेक पारड्यात बसली. हसत होती. तुळशीरामनं काटा बघितला, आणि लुगड्याचे, फराळाच्या गाठोड्याचे, बांगड्यांचे, सगळ्याचे काढून आकडा पुकारला. हा कडता मात्र त्यानं जाणून काढला.

इंद्रभाननं बेरीज केली. म्हणाला, "बसते, काका. बरोब्बर बसते." त्यानं तुळशीरामच्या शब्दावर कधी शंका घेतली नव्हती. घेईल कशाला?

विमान धावलं. माळ संपत आला तरी धावतच होतं. मग उठलं. बाभळींच्या शेंड्यांइतकंच उठलं.

कापडाचं विमान, पोरांनो. जळायला कितीसा वेळ लागतो. तुळशीराम पोचला तेव्हा ओळखण्यासारखं काही राहिलं नव्हतं. आत सात माणसं होती. एकही वाचलं नाही.

चौकशीला साहेब लोक आले, इंजिन जुनं होतं म्हणाले आणि गेले. तोलाऱ्याला कुणी काही विचारलं नाही. तो घरी आला आणि गप्प झाला. सोजराबाई रात्र रात्र भिंतीकडे तोंड करून रडायची, पण त्याला तिच्याजवळ जाऊन बसता यायचं नाही. तिला काय सांगणार होता? आपल्याच लेकीला आपणच कमी मोजलं म्हणून?

आणि मग माळाच्या खालच्या वस्तीवरून बोलवा यायला लागली. रात्र झाली की माळावर घरघर सुरू होते. धावते. उठते. बाभळीकडे जाते आणि... धाड. लोक बाहेर येऊन बघतात तर काही नाही. रोज रात्री. रोज तेच. गावानं तोंडाला पदर लावला. तुळशीरामला मात्र त्यात नवल वाटलं नाही. वजन जास्त आहे, तर उठेल कसं? ती सात माणसं रोज रात्री निघतात आणि माझ्या आकड्यावर रोज मरतात, एवढं त्याला समजलं. समजून त्यानं काय करायचं, ते समजलं नव्हतं.

तर अशा माळावर तो अमावास्येच्या दिवशी काटा आणायला गेला.

पोचला तेव्हा ऊन कलतं होतं. वजनं उचलून गाडीत भरली. दांडी सोडायला हात लावला आणि पारड्यातला पाट दिसला. कोकिळा बसली होती तो. तुळशीराम खाली बसला. दोन महिन्यांचं रडू त्याच्यात साठलेलं, ते तिथं निघालं. किती वेळ बसला, त्याचं त्याला ठाऊक नाही. डोकं वर केलं तेव्हा अंधार पडला होता. अमावास्येचा अंधार. आपला हात आपल्याला दिसत नव्हता.

त्यानं कंदील लावला.

बैलांनी रवंथ थांबवला.

वारा नव्हता. तरी काट्याची साखळी वाजली. एकदाच. तुळशीरामला वाटलं, आपलाच धक्का लागला असेल. त्यानं कंदील वर धरला.

रिकामं पारडं खाली जात होतं. हळूहळू. कुणी जपून बसावं तसं. जमिनीला टेकलं... आणि टेकून राहिलं.

त्याच्या नाकात ओल्या घोंगडीचा वास आला.

पळावं म्हणून तो गाडीकडे वळला. मग विमान उभं राहायचं त्या बाजूच्या काळोखातून आवाज आला. ओळखीचा. हसरा नव्हता, रागाचाही नव्हता. दमलेला होता.

"पुकारा, काका."

तुळशीराम सांगायचा, की त्या एका शब्दानं त्याची भीती गेली. भीती असते ती काय होईल याची. जे व्हायचं ते त्याचं होऊन गेलं होतं. तो गाडीपाशी गेला, भरलेली वजनं परत उतरवली आणि एकेक करून दुसऱ्या पारड्यात टाकली. दांडी सरळ झाली. त्यानं आकडा पुकारला.

पारडं हललं नाही.

त्यानं पुन्हा काटा बघितला. आणि त्याच्या अंगावर काटा आला. तोंडानं आत्तासुद्धा घोंगडीचं पाणी वजा केलं होतं.

त्यानं डोळे पुसले. या खेपेला काटा बघितला, आणि जे भरलं होतं ते, सगळं, पुकारलं.

पारडं हलकं झालं. वर आलं. गवतावरून कुणी चालत गेल्यासारखा आवाज काळोखाकडे गेला... थांबला.

मग साखळी पुन्हा वाजली.

एकामागून एक. कुणाच्या चिलमीचा वास, कुणाच्या जोड्यांची करकर. दिसत कुणीच नव्हतं. तुळशीराम वजनं टाकत होता आणि पुकारत होता. खरा आकडा. पुरा आकडा. प्रत्येक आकड्याला पारडं वर येत होतं. पलीकडे काळोखात घरघर सुरू झाली. कंदिलाची ज्योत आडवी पडली.

तो मनात बेरीज करत होता. आणि शेवटच्या माणसाचं पारडं वर आलं तेव्हा त्याला कळलं.

जागा उरली नव्हती.

साखळी वाजली. या वेळी बरोबर बांगड्या वाजल्या.

"बाबा."

तुळशीरामनं कंदील पारड्यापाशी नेला.

"बाबा, वजन करा नं. विमान चालू झालं."

त्यानं वजनं टाकली. दांडी सरळ झाली. काट्यानं काय दाखवलं ते त्याला दिसत होतं. खरं पुकारलं, तर कोकिळा मागं राहणार होती, या माळावर, एकटी. बाकीचे सुटणार होते. आणि थोडंसं, थोडंसंच काढून पुकारलं तर ती त्यांच्याबरोबर बसली असती, हसत खिडकीशी बसली असती, आणि सगळेच्या सगळे पुन्हा बाभळीत पडले असते. उद्या पुन्हा. परवा पुन्हा.

घरघर वाढत होती. सगळे थांबले होते.

त्यानं आकडा पुकारला. पुरा.

मग म्हणाला, "कोकिळे, तू राह्य. तुह्यं वजन बसत नाही."



"मले बसाचं होतं नं, बाबा."

"मले मालूम हाय, माय."

"तुमीच तं म्हनलं होतं..."

"हाव. मीच म्हनलं होतं. माह्यं चुकलं. मीच तुले वर चढवलं, मीच तुले आगीत जायलं." तो हात जोडून रिकाम्या पारड्यासमोर उभा होता. "आता नाही चढवत. आता मले खरं बोलू दे."

मग बांगड्या वाजल्या, अगदी हळू. पारडं वर आलं.

काळोखात विमान धावलं. तुळशीराम डोळे मिटून उभा. माळाच्या मध्याशी... पुढं... टोकाशी. आता बाभळी. आता...

धाड झालं नाही.

आवाज वर गेला. आणखी वर. पूर्वेला वळला, नागपूरकडे, आणि बारीक होत होत नाहीसा झाला. त्यानंतर त्या माळावर तो कधीही, कुणालाही ऐकू आलेला नाही.

मागं उरला तुळशीराम आणि माळावरची शांतता. आणि जवळच कुठं तरी, काळोखात, कुणाचा तरी श्वास.

तुळशीरामला काय करावं समजेना. मग जे कुठल्याही बापानं केलं असतं ते त्यानं केलं. कापसाचं पोतं गाडीत रिकामं केलं, हातानं पसरलं आणि काळोखाकडे न बघता म्हणाला, "चाल, घरी जाऊ. आई वाट पाहून राह्यली."

गाडी मागच्या बाजूनं दबली.

काटा तिथंच राहिला. वजनं तिथंच राहिली. गाडीत कापसाशिवाय काही नव्हतं आणि बैल मात्र भरल्या गाडीचे ओढतात तसे माना खाली घालून ओढत होते. तुळशीरामनं मागं पाहिलं नाही. पाहिलं तर ती नसेल, याची त्याला भीती होती. नसण्याचीच भीती, असण्याची नाही. वाट खाचखळग्यांची. एका खड्ड्यात चाक आपटलं तशी मागून ती बोलली.

"बाबा, सावकाश हाका."

त्यानं कासरा ओढला. म्हणाला, "बरं, माय." आणि सगळी वाट बैलांना पावलापावलानं चालवलं. ती पुन्हा बोलली नाही. बांगड्या मात्र अधूनमधून वाजत होत्या. गाव जवळ आलं तसं तेही थांबलं.

घराशी पोचला तर दारात सोजराबाई उभी. हातात भाकरीचा तुकडा आणि तांब्या. लेक माहेरी आली की दारात ओवाळून टाकतात तसा.

"हे कायले आनलं?" त्यानं विचारलं.

"कोनास ठाऊक," ती म्हणाली. "मले वाटलं, कोनी तरी येऊन राह्यलं."

तुळशीराम गाडीवरून उतरला आणि तिच्या पायाशी बसला. सगळं सांगितलं. घोंगडीच्या पाण्यापासून सगळं. लेकीचं वजन कमी पुकारलं तेही. तिनं मारलं असतं तरी तो हलला नसता. ती ऐकत राहिली. मग त्यानं सांगितलं, की पोर वाटेत एकच बोलली, सावकाश हाका म्हणाली.

सोजराबाईच्या हातातला तांब्या खाली पडला.

"तिले दिवस गेले होते," ती म्हणाली. "चवथा होता. मलेच सांगतलं होतं तिनं. बाबाले सांगू नको म्हने... इमानात बसू देनार नाहीत."

मग सोजराबाईनंच कंदील उचलला आणि गाडीच्या मागं गेली. तुळशीराम तिच्या मागून.

गाडीत कुणी नव्हतं. कापूस होता. त्यात कुणी तरी कुशीवर निजून उठल्यासारखा लांब खळगा पडला होता. सोजराबाईनं त्यात हात घातला. ऊब होती.

आणि त्या खळग्याच्या कुशीत, अगदी लागून, दुसरा होता. एवढ्याशा लेकराला मावेल एवढा. तोही ऊन होता.